दारापुढचा मारवेल

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते माझ्या घोंगडीतली कुसळं वेचायचं. दिवाळी होऊन गेली होती, सकाळचं ऊन कोवळं होतं. बायको उंबऱ्यावर बसली, मी खालच्या दगडावर, आणि घोंगडी दोघांच्या गुडघ्यांवर ताणलेली. कुसळ म्हणजे माळावरच्या कुसळी गवताचं बी. पुढं सुईसारखं टोक, मागं केसाएवढी काळी शेपटी. ते लोकरीत एकदा शिरलं की मागं येत नाही, पुढंच जातं. शेपटी धरून ओढलं तर तुटतं आणि टोक आत राहतं. म्हणून त्याला हळूहळू पुढं ढकलत दुसऱ्या अंगानं बाहेर काढायचं. तिच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं, दिसायचं ते धूर दिसल्यासारखं. ती बोटं फिरवायची, टोचलं की समजायची. तरी माझ्यापेक्षा तिची वेचणी चोख.

वेचलेलं कुसळ ती खापरात टाकायची. भुईवर एक पडू द्यायची नाही. संध्याकाळी भाकरी करताना ते खापर चुलीत उपडं करायचं आणि तडतड ऐकायची, हा तिचा जन्माचा नेम. मुक्कामाला तीन दगडांची चूल असली तरी तसंच. मी जन्मभर हसत आलो. त्या दिवशीही हसलो. म्हणालो, "अगं, साऱ्या माळावर कुसळ हाय. मूठभर जाळून काय हुनार? वारा घालणार हाईस का चुलीत?"

ती म्हणाली, "वारा माज्या घोंगडीत न्हाई निजत. तुमी निजताव."

मला त्या दिवसांत जायची घाई झालेली. दिवाळी झाली की आमची सगळी मेंढरं बालाघाटाचा माळ सोडतात आणि घाट उतरून गंगथडीला जातात. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो. तिच्या काठच्या काळ्या रानात तोवर पिकं निघत आलेली असतात, कुणबी वाट बघत असतात की धनगर येईल, मेंढरं शेतात बसवील, लेंड्या पडतील. बाकीचे कळप कधीच गेले होते. माझा आणि धाकट्या भावाचा, एवढे दोनच राहिले होते, आणि ते माझ्या बायकोच्या खोकल्यापायी. मी सकाळी उठलो की आधी घाटाकडं बघायचो. पाय नुसते वळवळायचे.

"उद्या निघतो," मी म्हणालो.

"निघा. तान्ह्या मेंढ्या माज्यापाशी ठेवा. दारापुढच्या मारवेलावर त्या निघतील."

हा मारवेल म्हणजे दारापुढची गवताची पट्टी, तिनं लावलेली. त्या पट्टीच्या जिवावरच तिला चालणं सोडता आलं होतं. पट्टीत कुसळी शिरली असती तर तान्ह्या, म्हणजे नुकत्या व्यालेल्या, मेंढ्यांना तिथं ठेवता आलं नसतं, आणि तिला त्या गुडघ्यांनी परत माझ्यामागं गंगेपर्यंत यावं लागलं असतं. म्हणून ते खापर. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असूनही मी हसत होतो.

घोंगडी साफ झाली. चुलीतला विस्तव विझला होता, तेव्हा खापर तिनं चुलीजवळ ठेवलं. म्हणाली, "सांजच्याला जाळीन." मग जरा उन्हात पडते म्हणाली आणि भिंतीशी लवंडली. धाकट्यानं दोन्ही कळप माळावर नेले होते. मी मागच्या अंगाला वाघुरीच्या दोऱ्या गुंडाळत बसलो. वाघूर म्हणजे मुक्कामाला मेंढरांभोवती लावायची जाळी. काम झाल्यावर पुढं आलो तर सावली तिच्या तोंडावर आली होती आणि ती उन्हाकडं सरकली नव्हती. एवढ्यावरून मला कळलं. ती कधी सावलीत थंडीची पडून राहणारी बाई नव्हती.

मला लिहाय बेताचं येतं. देवळातल्या गोसाव्यानं बाळबोध अक्षरं गिरवून घेतली तेवढ्यावर हे चाललंय. गावात मदरसा होता, तिथं उर्दू चालायची, आणि मेंढरामागच्या पोराला तिथं कोण बसवतंय. दुसरं म्हणजे बसणं माझ्या अंगात नाही. चार ओळी झाल्या की उठतो, वाडग्याला फेरी मारतो, मेंढरं आहेत का बघतो आणि परत येतो. तेव्हा जे मागंपुढं होईल ते होईल.

ती गंगथडीची. उमापूरच्या अंगाला तिचं माहेर. तिथं जमीन काळी, ओंजळीत घेतली तर लोण्यासारखी. बांधाबांधावर मारवेल. मारवेल म्हणजे मऊ, गोड गवत, कांड्याकांड्याला मुळं फुटतात, आणि जनावरानं खाल्लं की जोमानं परत येतं. आमच्याकडं वर मुरूम. फावडं मारलं की ठिणगी उडते. आता कुणी म्हणेल, मग तुम्ही त्या लोण्यासारख्या जमिनीत का राहत नाही? मेंढरू राहू देत नाही. पावसाळ्यात काळ्या रानात चिखल होतो आणि मेंढराचे खूर सडतात. मुरमावर पाय कोरडा राहतो. म्हणून पावसाळा वर आणि उन्हाळा खाली. आम्ही कुठं राहायचं हे आम्ही ठरवलेलं नाही, मेंढराच्या खुरानं ठरवलंय.

लग्न होऊन वर आली त्या पहिल्या पावसाळ्यात तिनं सगळा माळ बघितला आणि मला विचारलं, "हितं मारवेल कावून न्हाई?"

मी म्हणालो, "न्हाई तर न्हाई. जिथलं तिथं."

तिला हे उत्तर पटलं नाही. पुढं कधीही पटलं नाही. कुठली गोष्ट इथं का नाही आणि तिथं का आहे, हे तिला कुरतडत राहायचं. मला नाही. मी पुढं बघून चालणारा माणूस. दोन मुक्काम पुढं गेलो की मागचा माळ मी विसरलेला असायचो आणि ती कळपामागनं येताना बोलत असायची: घाटाखाली बाभळ आहे आणि घाट चढला की हिवर कावून, पळस उताराच्या त्याच अंगाला कावून, चंडोल बसतो त्या रानात तितर कावून नाही. मी म्हणायचो, "पाय उचल." ती म्हणायची, "पायच उचलायलेत, तोंडाला काय झालं?"

तेव्हा आमच्या माळाच्या पलीकडं सरकारी रमणा होता. रमणा म्हणजे राखलेलं गवत, सरकारी घोड्यांसाठी. निजाम सरकारचे घोडे खाली छावणीत, आणि त्यांची वैरण इथून कापून जायची. दोन रखवालदार असायचे, बीडकडचे, आमच्या मेंढरानं नुसतं तोंड वळवलं तरी काठी घेऊन धावायचे. त्या रमण्यात गवत छातीएवढं. पावसाळ्यात त्यात तणमोर यायचे. तणमोर कोंबड्याएवढा, काळा, आणि दिवसभर गवतातनं सरळ वर उडी मारतो, गवताच्या शेंड्यावर क्षणभर दिसतो, खाली पडतो, परत उडी. मादीला दिसावं म्हणून. ती रमण्याच्या कुंपणाला टेकून बघत उभी राहायची. एकदा म्हणाली, "तुमच्यासारखाच हाय. बसवत न्हाई." मी म्हणालो, "मग तू कावून हसायलीस?" तर आणखीच हसली.

पुढं साहेबलोकांना मोटारी आल्या. घोडे कमी झाले. रमण्याचं गवत कापायला कुणी येईना, रखवालदार गेले, आणि चराईला रमणा मोकळा झाला. आम्हाला आनंद. साऱ्या गावांची मेंढरं, गुरं, बकऱ्या त्यात घुसल्या. माझाही कळप पुढंच होता. दोन-तीन पावसाळ्यांत ते छातीएवढं गवत गुडघ्याला आलं, मग घोट्याला. गोड गवत आधी खाल्लं जातं. जे टोचतं ते जनावर सोडून देतं. सोडलेलं वाढतं, बी धरतं. उन्हाळ्यात कुणी माळ पेटवला तर बाकीचं जळतं आणि कुसळी परत पहिली उगवते. असं करता करता सगळा रमणा कुसळीनं तांबडा झाला. तणमोर येईनासा झाला. उडी कुठनं मारणार? घोट्याएवढ्या गवतात तो उडी मारण्याआधीच दिसतो, माणसाला आणि ससाण्यालाही.

"कुठं गेला असंल?" ती विचारायची.

"मेला असंल."

"सगळे कावून मरतील? कुठंतरी घोडे राहिले असतील. तिथं गेला असंल."

घोड्यांवरनं ती तणमोराचा माग लावायची. साहेबानं मोटार घेतली म्हणून आमच्या माळावरनं पाखरू गेलं, असं तिचं म्हणणं. मी हे एकदा बाजारात एका पटवाऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, अफू कमी खात जा. मी अफू खात नाही.

कुसळीपायी किती त्रास होतो ते ज्यानं मेंढरं राखली नाहीत त्याला कळायचं नाही. मोठ्या मेंढराच्या लोकरीत ते शिरतं आणि कातडीत जाऊन पू होतो. कोकरांचं तर फार वाईट. तोंडात हिरडीला रुततं, मग ते दूध ओढत नाही. डोळ्यात गेलं की डोळा गेला. आमचं एक पांढऱ्या कपाळाचं कोकरू असंच आंधळं झालं. ते तिच्या पायात पायात चालायचं, आवाजावर. तेव्हापासून तिनं खापर धरलं.

तिला आधी कळलं की कुसळ आपल्याबरोबर चालतं. आम्ही घाट उतरून जातो तेव्हा नेमकी कुसळी पिकलेली असते. मेंढराच्या लोकरीत, माझ्या घोंगडीत, तिच्या लुगड्याच्या काठात ते बसून येतं. मुक्कामाला आम्ही अंग झाडतो. पुढल्या साली त्याच मुक्कामावर, जिथं आधी नव्हती, तिथं कुसळी उगवलेली. जेठात आम्ही परत वर येत होतो तेव्हा तिनं मला तलवाड्याच्या अलीकडं एका टेकाडावर थांबवलं आणि खाली बोट केलं. वाळलेल्या रानात तांबूस ठिपके, एकामागं एक, आमच्या वाटेनं, मुक्कामागणिक.

"ही बगा आपली वाट," ती म्हणाली.

मी म्हणालो, "जिथं आपण कधी बसलो न्हाई तिथंबी हाय की कुसळी. डोंगराच्या त्या अंगाला कोणतं मेंढरू गेलतं? तिथं माळ जळला म्हणून आली." आणि माझं खोटं नव्हतं. तिचंही नव्हतं. हा वाद आम्ही पुढली कितीतरी वर्षं चालता चालता घातला. मी म्हणायचो आग, ती म्हणायची लोकर. आणि ह्यात तिनंच एक दिवस तिसरं काढलं. काळ्या रानात एका बांधावर दाट मारवेल होता, त्याच्या कडेला आम्ही सालोसाल मुक्काम करायचो, सालोसाल कुसळं झाडायचो, आणि त्या मारवेलात एकसुद्धा कुसळी आलेली नव्हती. पण शेजारीच कुणीतरी मुरूम टाकलेला, तो सगळा कुसळीनं भरलेला. ती तिथं खाली बसून बघत राहिली. मला वाटलं, पाय दुखतात.

"नुसतं बी पडून भागत न्हाई," ती म्हणाली. "जागा रिकामी लागती."

मग तिच्या डोक्यानं घेतलं की दारापुढचा उतार रिकामा ठेवायचा नाही. माहेराहून येताना तिनं मारवेलाची ठोंबं आणली, ओल्या फडक्यात गुंडाळून, मडक्यात घालून डोक्यावर. पावसाळ्याच्या तोंडाला मुरमात लावली. उगवली, हिरवी झाली, आणि जेठात आम्ही परत आलो तर वाळून गेलेली. पुढल्या साली परत. मी म्हणालो, पाणी कमी पडतं. दिवाळीला निघेपर्यंत खांद्यावर कावड करून ओढ्यातनं पाणी घातलं. तरी मेली. भाऊ मला म्हणाला, "दादा, वैनी गवताला पाणी घालायला लावती म्हंजे आता गवत तुला दूध देतंय का बगायचं." सगळ्या वस्तीत हसं झालं. मला राग आला आणि मी कावड टाकून दिली.

तिनं नाही टाकली. एका खडकाच्या वरच्या अंगाला एक ठोंब जगलं होतं. का जगलं म्हणून तिनं हातानं तिथं उकरून बघितलं. पावसाचं पाणी उतारावरनं माती घेऊन येतं, ती माती खडकाला अडून तिथं बोटभर साचली होती. बाकी उतारावर माती थांबतच नव्हती. पाणी नव्हे, माती. मग तिनं उतारावर आडवी दगडांची ओळ लावायला सुरुवात केली. पावसाळ्यात आम्ही वर असायचो तेव्हा रोज चार-दोन दगड. मी नाही म्हणत होतो, आणि मोठे दगड मीच आणून देत होतो. दगडामागं माती साचली, मातीत मारवेल धरला, मारवेलानं आणखी माती धरली. मग दुसरी ओळ. करता करता दारापुढं एवढी पट्टी झाली की तिच्यात हात कोपरापर्यंत मऊ मातीत जायचा. आमच्या माळावर कोपरभर माती दुसरीकडं कुठंही नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागते.

तिचे गुडघे गेले तेव्हा पट्टी तयार होती. दिवाळीनंतर मी कळप घेऊन खाली जायचो आणि ती व्यालेल्या मेंढ्या, लंगड्या, म्हाताऱ्या घेऊन वर राहायची. त्यांना थोड्या थोड्या करून त्या मारवेलावर सोडायची. कडेला एखादी कुसळी दिसली की मुळासकट उपटायची, आणि दिसणं गेलं तेव्हा हातानं चाचपून. पहिल्या साली मला वाटलं, एकटी राहिली म्हणून रडंल. जेठात परत आलो तर मला म्हणाली, "आलाव व्हय? लई लवकर आलाव." लंगड्या मेंढ्या धष्टपुष्ट झाल्या होत्या आणि तीही. चालणं तिनं माझ्यासाठी केलं होतं, जन्मभर, हे मला तिच्या त्या गालांकडं बघून समजलं. दुसऱ्या दिवशी दोन दगड आणून ओळीला लावले.

आता त्या दिवसाचं.

माळावर निरोप गेला, भाऊ कळप घेऊन परत आला, भावजय आली, वस्तीवरली माणसं जमली. आमच्यात माती देतात. सूर्य बुडायच्या आत उरकायचं म्हणून लोकांनी कुदळी घेतल्या. मागच्या अंगाला खणायला गेले तर मुरूम, कुदळ वाजायला लागली. कुणीतरी म्हणालं, दारापुढं मऊ आहे. आणि दारापुढंच मऊ होतं. तिनंच केलेलं मऊ. मी आडवा झालो नाही. काय सांगणार होतो? की इथं गवत आहे? त्यांनी पट्टीच्या मधोमध खणलं, हिरवी ढेकळं मुळांसकट बाजूला पडली, आणि तिला तिथं ठेवलं. मग तरसानं उकरू नये म्हणून वर दगड ठेवायचे, तर भाऊ तिच्या ओळीतले दगड उचलायला वाकला. तेव्हा मात्र बोललो.

"ओळीला हात लावू नको बे."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि डोंगराकडनं दुसरे दगड आणवले. ते पुरले नाहीत, तेव्हा कडेनं ठेवले आणि मधली माती उघडी राहिली. बोरीच्या काट्या वर टाकल्या.

मयत घरातनं निघालं की मागं राहिलेल्या बाया घर झाडतात आणि सारवतात. भावजयीनं झाडलं. धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी थेट बोलत नाही, आमच्यात रीत तशी. ती आमच्या घरात आली त्या दिवसापासून तिनं माझ्याशी एक शब्द बोललेला नाही, काही सांगायचं तर भिंतीला सांगते आणि मी ऐकतो. त्या दिवशी चुलीपाशी तिला खापर दिसलं. त्यात कुसळं. कुसळं पिकतात त्या दिवसांत ती कळपाबरोबर खाली गंगथडीत असायची, तिची चूलही वेगळी, तिला माझ्या बायकोचा नेम माहीत नव्हता, आणि मला विचारायची सोय नव्हती. तिनं ते खापर केरात उपडं केलं. मयताचा केर उकिरड्यावर टाकत नाहीत, कारण उकिरड्याचं खत पुढं रानात जातं. तो उताराला उधळायचा असतो. आमचा उतार म्हणजे दारापुढचा. वारं वरनं खाली होतं. तिनं पाटी उधळली, पदर तोंडाला लावला आणि सारवायला बसली. तिचं काही चुकलं नाही.

सकाळी मी उजाडताच उठलो. पायांना सवयच तशी. वाडग्यातली मेंढरं ओरडत होती, आदल्या दिवशी मधूनच परत आणलेली, उपाशी. पाय तिकडं चालले होते. पण पट्टी मधे होती, आणि मी मातीकडं बघितलं.

रात्री दहिवर लई पडलं होतं. उघड्या मातीवर काळे केस उभे राहिलेले दिसले, बरेच, आणि ते हलत होते. मला आधी किडेच वाटले. वाकून बघितलं. कुसळं होती. वाळलेलं कुसळ आडवं पडून राहतं, पण ओल लागली की शेपटीचा पीळ सुटायला लागतो, ते उभं राहतं आणि गरगर फिरत टोक मातीत घालतं. मऊ माती, उघडी माती, दहिवरानं भिजलेली. साऱ्या माळावर त्यांना यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती. काही अर्धी आत गेली होती.

मी घरात जाऊन बघितलं. खापर धुऊन भिंतीला पालथं घातलेलं. भावजय दाराआड उभी होती. मी भिंतीला विचारलं, "खापरात व्हतं ते कुठं गेलं?" ती भिंतीला म्हणाली, "केर व्हता, उताराला टाकला." मग तिनं माझं तोंड बघितलं असावं. म्हणाली, "जाऊबाई ते जपून ठिवायच्या का?" मी म्हणालो, "जाळायची." आणि खापर घेऊन बाहेर आलो.

काट्या बाजूला केल्या आणि गुडघ्यावर बसलो. मातीत गेलेलं कुसळही मागं येत नाही. शेपटी धरून ओढलं की तुटतं आणि बी आत राहतं. म्हणून एकेकाच्या कडेनं बोटानं माती उकरायची आणि बी खालनं उचलायचं. मागं मेंढरं ओरडत होती. अंगाला मुंग्या आल्यासारखं होत होतं, उठावं, वाडग्याचं काटं काढावं, कळप बाहेर घ्यावा आणि घाटाचा रस्ता धरावा. खाली गेलो असतो तर चार मुक्कामांत हे सगळं मागं पडलं असतं. माझं नेहमी पडतं. उठलोसुद्धा, अर्धा. परत बसलो.

भाऊ आला. काठी हातात, घोंगडी खांद्यावर. म्हणाला, "दादा, काय हुडकायलास?"

"कुसळं."

त्याच्या घोंगडीत पण होती, मला दिसत होती. मी म्हणालो, "मागं सरक. हितं घोंगडी झाडू नको."

तो मागं सरकला. मग म्हणाला, "मेंढरं उपाशी हायत. दहावा झाला की उतरू. तवर तू जरा चल माळावर, मन रमंल."

मी म्हणालो, "तू जा. दोन्ही कळप तूच ने. पट्टीतनं नको नेऊ, वरच्या अंगानं काढ. आन तान्ह्या मेंढ्या माज्यापाशी ठेव."

"तू काय करशील हितं?"

"बसतो."

"तू?" तो म्हणाला. एवढ्या दुःखातही त्याला हसू आलं असावं, त्यानं तोंड वळवलं. जन्मात कुणी मला बसलेला बघितलेलं नव्हतं.

तो गेला. मेंढरांचा आवाज वरच्या अंगानं लांब गेला आणि माझे पाय त्याच्याबरोबर थोडे गेले. खापर निम्मं भरलं. सुतकात चूल पेटवायची नसते, पण कमरेला चकमक होती. तिथंच दगडावर कापूस पेटवला आणि कुसळं जाळली. तडतडली.

मग आदल्या दिवशी खणताना बाजूला पडलेली ती हिरवी ढेकळं घेतली. मुळं अजून ओली होती. हातानं फोडून एकेक ठोंब करून तिच्या अंगावरच्या मातीत लावलं, जवळजवळ, मधे रिकामी जागा राहू नये असं. ओढ्याला जाऊन कावडीनं पाणी आणलं. एक खेप पुरली नाही, दुसरी आणली. तेवढं चालणं झालं, त्यानं बरं वाटलं.

तोवर ऊन चढलं. दहिवर उडालं तशी राहिलेली कुसळं वाळून परत आडवी पडली, मातीच्या रंगाची झाली, दिसंनात. होती तर खरी, संध्याकाळच्या गारव्याला परत उभी राहिली असती. मी ठोंबांच्या मधे हात टाकला, डोळे मिटले आणि बोटांनी चाचपत बसलो. एक टोचलं. ते काढून खापरात टाकलं आणि हात पुढं सरकवला.